प्रशिक्षणाला निघालीस? मग हे ऐकून जा

पोरी, शिक्षणसेवक म्हणून तुझी पहिली ऑर्डर आली तेव्हा घरात पेढे वाटले. आता दुसरी ऑर्डर येईल: अमुक तारखेपासून गटसाधन केंद्रात पाच दिवसांचं प्रशिक्षण, सकाळी दहाला उपस्थित राहावे. मग तिसरी येईल, चौथी येईल. निवृत्तीपर्यंत हे चालूच राहतं. त्यातली काही प्रशिक्षणं तुला आयुष्यभर पुरतील, काहींमधून नुसता चहा आणि सही हाती येईल. तुझ्या आत्याचं म्हणणं एवढंच, की प्रशिक्षणाचा कस अर्धा हॉलमध्ये ठरतो आणि अर्धा तुझ्या वर्गात. वर्गातला अर्धा पूर्ण तुझ्या हातात आहे. हॉलमधल्या अर्ध्यावरही तुझं बरंच चालतं, मागायला शिकलीस तर.

तर घे वही.

१. आदेश आला की वहीच्या पहिल्या पानावर वर्गातल्या तीन मुलांची नावं लिही, सध्या ज्यांच्यापाशी तुझं गाडं अडतंय त्यांची — मग प्रत्येक सत्रात मनाशी विचारता येतं, ‘हे आपल्या पोराला लागू पडेल का?’ आणि दुपारी जेवणानंतरच्या सत्रात डोळाही लागत नाही.

२. अडचण एका वाक्यात नेमकी करून ने. ‘मुलांना गणित येत नाही’ असं नको. ‘वजाबाकीत मधे शून्य आलं की चौथीतली सहा मुलं अडतात’ असं हवं — नेमका प्रश्न आला की समोरच्यालाही नेमकं उत्तर शोधावं लागतं. आधी भूक सांगावी, मग ताट मागावं.

३. शाळा द्विशिक्षकी असेल आणि दोघांचीही नावं एकाच टप्प्यात आली असतील, तर त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना लेखी कळवून वेगळे टप्पे मागून घे — याद्या घाईत होतात, शाळा बंद पडावी असं कुणाच्याच मनात नसतं, आणि वेळेवर कळवलं की बदल बहुतेक वेळा होतो.

४. निघण्याआधी पाच दिवसांचं काम एका कागदावर लिहून सोबतच्या गुरुजींच्या हातात दे: कोणत्या मुलांनी काय वाचायचं, मोठ्या मुलांपैकी कोण कोणत्या लहानग्याजवळ बसणार — एकट्या माणसावर चार वर्ग पडतात, त्याला रोज सकाळी विचार करत बसायला लावू नये.

५. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि दोन-चार आयांना सांगून जा, कुठे चाललीस आणि कशासाठी — ‘बाई परत शाळेत नाहीत’ हे बोलणं पारावर पोचण्याआधीच थांबतं.

६. प्रशिक्षणाची मूळ हस्तपुस्तिका मिळवून आधी चाळ, निदान आपल्या विषयाची पानं तरी — राज्यस्तरावर शिकलेले जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे तुला. तीन हात बदलता बदलता कृती गळतात आणि भाषण उरतं, म्हणून मूळ काय होतं ते आपल्याला ठाऊक असावं.

आता हॉलमध्ये पोचलीस असं धरू.

७. पुढच्या दोन ओळींत बस, आणि डी.एड.च्या मैत्रिणीपासून दोन खुर्च्या लांब — तिच्याशी गप्पा फोनवर रात्रीही होतील.

८. पान उभं दुमडून तीन भाग कर: काय ऐकलं, कुणासाठी, कधी करणार. तिसरा भाग रिकामा राहिला तर त्या सत्रातून अजून काही हाती आलेलं नाही, असं समजून विश्रांतीत ते सत्र घेणाऱ्या सुलभकांना गाठ — ‘नंतर बघू’ म्हटलेलं नंतर दिसत नाही.

९. पडद्यावरच्या प्रत्येक स्लाइडचा फोटो काढू नकोस — फोनमधला फोटो आठ दिवसांत हळदीकुंकवाच्या फोटोंखाली दबतो. हातानं लिहिलेली चार वाक्यं सापडतात.

१०. ‘सर, हे एकदा करून दाखवाल का?’ एवढं वाक्य पाठ कर आणि दिवसातून एकदा तरी नम्रपणे वापर — सांगितलेली कृती आणि डोळ्यांनी पाहिलेली कृती यांत फार अंतर असतं. शेजारच्या शाळेतली दहा मुलं अर्धा तास बोलावता आली तर त्याहून चांगलं काहीच नाही. हॉल लावतानाच कुणीतरी सुचवलं की तेही जमतं.

११. कृती करायला सांगितली की लाजू नकोस. मणी मोजायचे तर मोज, जमिनीवर बसायचं तर बस — मुलाला कुठे अडतं ते मुलाच्या जागेवरूनच कळतं.

१२. सुलभकाला उत्तर आलं नाही तर हसू नकोस. तोही आपला वर्ग सोडून आलेला शिक्षकच आहे — ‘उद्या शोधून सांगाल का?’ असं विचारलंस तर तो रात्री पुस्तक उघडतो आणि दोघांचंही भलं होतं.

१३. पूर्वचाचणीत जे येत नाही ते कोरं सोड, शेजारणीचं बघून लिहू नकोस — सगळ्यांचे पेपर आधीच भरलेले दिसले तर पुढच्या पाच दिवसांत तुम्हाला न येणारंच शिकवायचं राहून जाईल.

१४. चहाच्या सुट्टीत अनोळखी शाळेतल्या एका शिक्षिकेशी रोज बोल. तिचा पट किती, तिच्या वर्गात घरी कोणती बोली बोलली जाते, ती पहिलीला काय करते ते विचार — पावरी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचायला शिकवणाऱ्या बायका आपल्या राज्यात आहेत. त्यांचं अर्ध्या तासाचं बोलणं एखाद्या सत्राला भारी पडतं.

१५. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद येतो. त्यावर ‘छान’ एवढंच लिहून बस पकडायला धावू नकोस. काय उपयोगी पडलं, काय गाळावं, पुढच्या वेळी काय हवं, असं प्रत्येकी एक वाक्य लिही — शंभर कागदांवर ‘छान’ आलं तर पुढल्या वर्षी तेच येणार, आणि त्यात आयोजकांचा दोष नाही.

हा मुद्दा मला फार जिवाजवळचा आहे, म्हणून जरा थांबते. आपल्याकडे लोक प्रशिक्षणाला कंटाळतात, पण चांगलं प्रशिक्षण मागत नाहीत. आणि मागायला आधार आहे गं. कोठारी आयोगानं १९६६ मध्येच म्हटलं होतं, की दर पाच वर्षांच्या सेवेत शिक्षकाला दोन ते तीन महिन्यांचं सेवांतर्गत शिक्षण मिळालं पाहिजे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून प्रत्येक जिल्ह्याला शिक्षक-शिक्षणाची स्वतःची संस्था मिळायला लागली, तीच आपली डाएट. २०२० चं धोरण सांगतं की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासात घालवावेत. त्यातले पुढचे शब्द लोक विसरतात: ते शिकणं शिक्षकाच्या स्वतःच्या विकासासाठी, स्वतःच्या आवडीनुसार असावं. म्हणजे ५० तास भरले का, एवढंच मोजायचं नाही. ते कशानं भरले, हे विचारायचा हक्क तुला आहे.

१६. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच, आपल्याला यंदा कोणत्या दोन गोष्टी शिकायच्या आहेत ते लिहून मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना दे — वरून विषय येण्याआधी खालून विषय गेला असेल, तर निदान केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याला जागा मिळते.

१७. केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना आपल्या मुलांच्या चार वह्या पिशवीत टाक. बोलायची वेळ आली की भाषण करू नकोस, वही उघड — ‘हिनं असं का लिहिलं असेल?’ या प्रश्नावर बारा शिक्षक एकदम जागे होतात.

१८. परिपत्रकांचं वाचन शेवटी आणि वर्गातलं काम आधी, एवढा क्रम बदलायची विनंती केंद्रप्रमुखांना कर — सुरुवातीला डोकं ताजं असतं. परिपत्रक कागदावरही वाचता येतं, कृती कागदावर करता येत नाही.

आता खरी गोष्ट: परत आल्यावर काय करायचं. पाच दिवस चांगले गेले, तू उत्साहात आलीस, आणि सोमवारी वर्गात पाय ठेवला की शालेय पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीची माहिती, आधारची दुरुस्ती, सगळं वाट बघत असतं. इथेच शिकलेलं हरवतं. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाचा पुष्कळ अभ्यास केला. नुसतं ऐकून, पाहून, हॉलमध्ये करूनही ती गोष्ट वर्गात क्वचितच उतरते. वर्गात सोबत कुणीतरी असलं, करताना पाहून बोलणारं असलं, तर मात्र ती उतरते, हे त्यांनी मांडलं. माझा सगळा अनुभव याला मान डोलावतो. ऐकलेलं सांगता येतं, केलेलंच टिकतं.

१९. प्रशिक्षणातून एकच गोष्ट निवड — दहा धरले, दहा सुटले.

२०. ती एक गोष्ट आठ दिवसांच्या आत कर, आणि आधी पाच-सहा मुलांबरोबरच — सगळ्या वर्गावर एकदम केलीस आणि गोंधळ झाला, तर चांगली पद्धत उगाच बदनाम होते.

२१. पहिल्यांदा जमलं नाही म्हणून सोडू नकोस. तीन वेळा कर, दर वेळी एक बारीक बदल करून — नवीन पद्धतीत पहिल्या दिवशी तूही अडखळतेस आणि मुलंही. कोण अडखळतंय ते तिसऱ्या वेळी कळतं.

२२. रोज संध्याकाळी दोन ओळी लिही, दोनच: आज कुणाला जमलं, कुणाला नाही — महिन्याभरानं या ओळींतूनच तुझा नवोपक्रमाचा अहवाल तयार होतो. मार्च महिन्यात आठवून आठवून लिहावा लागत नाही.

२३. सोबतच्या गुरुजींना किंवा शेजारच्या वाडीवरच्या बाईंना अर्धा तास आपल्या वर्गात बसायला बोलाव. पण एक अट घाल: त्यांनी तुझ्याकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं — ‘तुमचा आवाज छान आहे’ या शेऱ्याचा उपयोग नाही. ‘मागच्या ओळीतल्या पोरीनं पूर्ण वेळ पेन्सिल उघडलीच नाही’ याचा आहे.

हे तेविसावं जपानमध्ये शंभरएक वर्षांपासून चालत आलंय. तिथे त्याला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. मुलं इथे काय म्हणतील, कुठे चुकतील, याचा आधीच अंदाज बांधतात. एक जण शिकवतो, बाकीचे हातात कागद घेऊन मुलं काय करताहेत ते टिपतात, आणि संध्याकाळी सगळे बसून त्या पाठाबद्दल बोलतात, शिकवणाऱ्याबद्दल नाही. याला ना निधी लागतो ना हॉल. तुमच्या केंद्रातल्या तीन शाळांनी महिन्यातून एकदा हे केलं, तर तुझ्या ५० तासांतले सगळ्यात कसदार तास तेच असतील. आणि ज्या शाळेत पाठ होतो, तिथल्या मुलांचा दिवसही बुडत नाही.

२४. दुसऱ्याचा पाठ पाहिल्यावर बोलायला सुरुवात ‘मला असं दिसलं’ या शब्दांनी कर, ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ यानं नको — एकदा मन दुखावलं की पुढच्या महिन्यात वर्गाचं दार बंद मिळतं. पाहणारा गोड, तर दार उघडं.

ऑनलाइन प्रशिक्षणांबद्दल लोक दोन टोकांनी बोलतात. दीक्षा हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये आलं, निष्ठा हे शिक्षक-प्रशिक्षण २०१९ मध्ये आधी समोरासमोर सुरू झालं आणि करोनात फोनवर गेलं. डोंगरातल्या शिक्षिकेला घरात बसून राष्ट्रीय पातळीवरचं साहित्य बघायला मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण फोन आपोआप कुणाला शिकवत नाही.

२५. व्हिडिओ नुसता चालू ठेवून भाकरी थापू नकोस. वीसच मिनिटं बघ, पण बसून बघ — प्रमाणपत्र तुला मिळेल, वर्गातल्या पोराला काय मिळणार?

२६. कोर्स एकटीनं करू नकोस, दोघी-तिघी मिळून एकाच आठवड्यात करा आणि शनिवारी फोनवर बोला — पुढे ढकलणं सोबत असली की कमी होतं.

२७. रेंज असेल तिथे, तालुक्याला गेलीस की, साहित्य उतरवून घे, आणि शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी संपव — शेवटच्या रात्री सगळा जिल्हा एकदम लॉगिन करतो.

२८. नोंदणी करताना नाव सेवापुस्तिकेत आहे तसंच टाक, लग्नाआधीचं की नंतरचं ते एकदाच ठरव, आणि एकच मोबाइल नंबर, एकच ईमेल कायम ठेव — प्रमाणपत्रावरचं एक अक्षर चुकलं तरी ते दुरुस्त करायला चार खेटे पडतात.

२९. प्रत्येक प्रशिक्षणाचा आदेश, कार्यमुक्तीचं पत्र, हजेरीचा दाखला आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये वर्षवार लाव. त्यांचे स्कॅन ईमेलवरही ठेव — १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी मागताना त्यासाठीचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा कागद लागतो. बदल्या होतात, पण फाइल तुझ्यासोबत राहते. कागद जपला, हेलपाटा वाचला.

३०. वर्षातून एकदा सेवापुस्तिका स्वतः उघडून बघ आणि प्रशिक्षणाची नोंद राहिली असेल तर लेखी मागून घे — लिपिकाकडे शंभर पुस्तिका असतात, तुझ्यासाठी एकच आहे.

सरकारी ऑर्डरची वाट न बघताही शिकता येतं, आणि महाराष्ट्रात त्याला तोटा नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांना वाचायला शिकवण्यावर आयुष्य घातलं, तिथल्या कमला निंबकर बालभवनात ते काम उभं राहिलं. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था आहे, भाषा आणि गणितावर शिक्षकांबरोबर काम करते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं आणि त्यातलं शिकणं पुस्तकांतून लिहून ठेवलं. सुट्टीत भावाकडे जातेस, तशी एखाद्या वर्षी इकडे जा.

३१. शाळा बघायला गेलीस की भिंती आणि फरशी शेवटी बघ, आधी तासभर एका मुलाकडे बघ — साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या फरशीवरच्या रंगीत आखण्या पुष्कळ गावांत पोचल्या, पण त्या आखणीवर बसून मूल स्वतः काय शोधत होतं, ते ज्यांनी टिपलं त्यांच्याच वर्गात फरक पडला.

३२. वर्षाला शिक्षणावरची दोन पुस्तकं वाच. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’, ‘तोत्तोचान’ आणि इटलीतल्या शाळकरी पोरांनी लिहिलेलं ‘प्रिय बाई’, तिन्ही मराठीत आहेत — यातलं तिसरं वाचताना राग येईल. येऊ दे, नापास झालेल्या मुलाच्या बाजूनं शाळा कशी दिसते ते दुसरं कुणी सांगत नाही.

३३. ‘जीवन शिक्षण’ आणि ‘पालकनीती’ शाळेत येतात का बघ, येत नसतील तर मागव — आणि वाचून झाल्यावर स्वतःचा एक अनुभव लिहून पाठव. लिहिताना विचार नीट लागतो.

३४. नोंदणी फी घेऊन ‘आदर्श शिक्षक’ पुरस्कार देणाऱ्यांपासून लांब राहा, आणि फी घेणाऱ्या कार्यशाळेला जाण्याआधी तीन गोष्टी विचार: मुलांबरोबर करून दाखवणार का, नंतर वर्गात बघायला कुणी येणार का, माझ्या भाषेत असणार का — तिन्हींना ‘नाही’ आलं तर ते पैसे वर्गातल्या वाचनपेटीवर खर्च कर.

३५. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पीडीएफ सगळ्या साठवू नकोस, आठवड्याला एक उघड आणि वापरून झाल्यावरच पुढे पाठव — ‘मी चौथीला करून पाहिलं, असं झालं’ या एका वाक्यासकट आलेला कागद लोक खरंच उघडतात.

आणि एक दिवस तुलाच सुलभक म्हणून नेमतील. नाही म्हणू नकोस.

३६. तयारी करताना पुस्तिकेतला मजकूर स्लाइडवर उतरवू नकोस, तुझ्या वर्गातल्या वह्या ने, चुकलेल्याही — समोर बसलेल्या बायकांना तुझ्यापेक्षा तुझ्या मुलांवर आधी विश्वास बसतो.

३७. बोलणं निम्म्यावर आण, करणं दुपटीवर ने, आणि साडेपाचची वेळ असेल तर साडेपाचला सोड — लांबच्या वाडीची शेवटची गाडी गेली तर तुझं सगळं शिकवलेलं त्या रागात वाहून जातं.

३८. मागच्या ओळीत गप्प बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या गुरुजींना सन्मानानं बोलतं कर. त्यांनी पूर्वीचं स्मार्ट पीटी नावाचं शिक्षक-प्रशिक्षण पाहिलंय, २०१० नंतरचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पाहिलंय — काय टिकलं आणि का, हे ठाऊक असलेला तो हॉलमधला एकच माणूस असतो.

३९. प्रशिक्षण संपल्यावर महिन्याभरानं पाच शाळांना फोन कर. ‘कसं वाटलं’ असं विचारू नकोस, ‘काय केलंत, कुठे अडलात’ असं विचार, आणि जिथे अडलंय तिथे एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधी जाऊन ये — जाताना केंद्रप्रमुखांचं पत्र घे, गाडीभाड्याचा कागद जप, आणि त्या बाईंना सांग की आज मी फक्त तुमच्या मुलांजवळ बसायला आले आहे.